समुद्राकडे शेपूट करून

आयडाहो राज्यात सॉटूथ पर्वतरांगेच्या कुशीत रेडफिश नावाचं सरोवर आहे. उंची दोन हजार मीटरच्या आसपास. पॅसिफिक महासागर तिथून नदीच्या वाटेने साधारण १,४५० किलोमीटर दूर. हिवाळाभर सरोवरावर बर्फाचा थर असतो. तो फुटला, की सरोवरातून निघणाऱ्या ओढ्यात रात्रीच्या अंधारात दहा-बारा सेंटीमीटर लांबीचे चंदेरी मासे उतरू लागतात. ही सॉकाय जातीच्या सॅमनची पिल्लं. ओढ्यातून ती सॅमन नदीला लागतात, तिथून स्नेक नदीला, मग कोलंबियाला आणि शेवटी समुद्राला. समुद्रापासून इतक्या लांब आणि इतक्या उंचावर जन्मणारा सॉकाय जगात दुसरीकडे कुठेही नाही.

सॅमन म्हटलं की आपल्याला आठवतो तो धबधब्यावर झेप घेणारा मोठा मासा, आणि त्याच्या वाटेवर जबडा उघडून उभं असलेलं अस्वल. वन्यजीवनावरच्या प्रत्येक माहितीपटात हे दृश्य असतं, आणि ते आहेही तसंच देखणं. पण वर चढणारा प्रत्येक मासा काही वर्षांपूर्वी याच नदीने पिल्लू म्हणून खाली उतरलेला असतो, आणि उतरणाऱ्यांपैकी परतणारे फार थोडे. स्नेक नदीच्या खोऱ्यातली सॅमन टिकून वाढायची असेल, तर समुद्राकडे निघालेल्या दर शंभर पिल्लांमागे दोन ते सहा मोठे मासे परत आले पाहिजेत, असं उद्दिष्ट तिथल्या वीज आणि वन्यजीव नियोजनाच्या परिषदेने ठरवलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी एकाच्या आसपासच परततो, सॉकायच्या बाबतीत अनेकदा तोही नाही. या जातीचं काय होणार, याचा बराचसा निकाल उतरणीवर लागतो. म्हणून या प्रकरणात आपण पिल्लांबरोबर उतरायचं आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस या कुळातला नाही. रावस हा किनाऱ्याचा आणि खाड्यांचा मासा. गोड्या पाण्यात जन्म, समुद्रात वाढ आणि मरायला पुन्हा जन्माच्या पाण्यात, असा जीवनक्रम त्याचा नसतो.

सॅमनची मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात काही हजार अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. पॅसिफिकमधल्या सॉकाय आणि चिनूक या जातींचे मासे अंडी घातल्यावर काही दिवसांत मरतात. आईबाप पिल्लांना कधीच भेटत नाहीत. हिवाळाभर अंडी खडीत पडून असतात आणि दगडांच्या फटींतून झिरपणारं थंड पाणी त्यांना प्राणवायू पुरवतं. वरच्या डोंगरावर जंगलतोड होऊन बारीक गाळ आला, तर त्या फटी बुजतात आणि अंडी तिथेच गुदमरतात. वाचलेली पिल्लं पोटाला बलकाची पिशवी घेऊन आणखी काही आठवडे खडीतच राहतात आणि पिशवी संपली की वर येतात. सॉकायची पिल्लं सरोवरात जाऊन एक-दोन वर्षं सूक्ष्म जीवांवर वाढतात. चिनूकची पिल्लं मात्र नदीतच राहतात. एखाद्या दगडाच्या आडोशाची जागा धरायची, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं, वाहत येणारा किडा टिपायचा आणि शेजारचं पिल्लू जवळ आलं की त्याच्यावर धावून जायचं, असा त्यांचा दिवसभराचा उद्योग. अंगावर गडद उभे पट्टे असतात. त्या पट्ट्यांमुळे वरून पाहणाऱ्या पक्ष्याला तळाच्या गोट्यांतून मासा वेगळा काढता येत नाही.

मग वसंत येतो आणि दिवस मोठा होऊ लागतो. पिल्लाच्या शरीराला महिना कळतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. पाण्याचं तापमान या बदलाचा वेग कमीजास्त करतं, पण इशारा मिळतो तो प्रकाशाचा. वाढीचं संप्रेरक, थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांची पातळी रक्तात चढते, आणि पुढच्या काही आठवड्यांत हा मासा आतून-बाहेरून बदलतो. त्वचेत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे चकचकीत स्फटिक साचतात आणि त्याखाली पट्टे लपून जातात. पाठ गडद, पोट पांढरं, कुशी चांदीसारख्या. परांच्या कडा काळ्या होतात, अंग सडपातळ होतं. खवले इतके सैल होतात की ओल्या हाताने अलगद धरलं तरी चार-दोन तळव्याला चिकटून येतात. म्हणून मोजणीच्या ठिकाणी या पिल्लांना आधी गुंगीचं औषध घातलेल्या पाण्यात ठेवतात आणि मगच हात लावतात. एक-दोन खवले गेल्याने काही बिघडत नाही. पण बरेच गेले, तर जखमेतून शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि मासा दगावतो. या अवस्थेतल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात.

दिसणारा बदल हा लहान भाग. मोठं काम कल्ल्यांत चाललेलं असतं. माशाच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. नदीच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी जास्त, समुद्रापेक्षा बरंच कमी. नदीत असताना बाहेरचं पाणी सारखं अंगात शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपतात. म्हणून नदीतला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी पाण्यातून कणकण क्षार गोळा करतो. समुद्रात गेला की सगळं उलटं होतं. आता अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. तहान भागवायला समुद्राचंच पाणी प्यावं लागतं, आणि त्याबरोबर आलेलं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकावं लागतं. हे फेकण्याचं काम सोडियम आणि पोटॅशियमची अदलाबदल करणारं एक विकर करतं. त्याची दोन रूपं आहेत, एक गोड्या पाण्यातलं आणि एक खाऱ्या पाण्यातलं. पिल्लू अजून डोंगरातल्या नदीत असतं, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतो, आणि तरी त्याच्या कल्ल्यांत खाऱ्या पाण्याचं रूप वाढायला सुरुवात झालेली असते. ज्या पाण्याचा थेंबही त्याला कधी लागलेला नाही, त्याची तयारी शरीर आधीच करून ठेवतं. मला या सबंध कहाणीत याहून थक्क करणारं दुसरं काही वाटत नाही.

ही तयारी कायमची नसते. काही आठवडे टिकते. त्या मुदतीत पिल्लू खाऱ्या पाण्याला पोचलं तर ठीक. नाही पोचलं तर विकराचं प्रमाण पुन्हा उतरतं आणि कल्ले नदीच्या कामाकडे वळतात. पाणी गरम असेल तर मुदत आणखी लवकर संपते. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा वाद या मुदतीभोवतीच फिरतो.

स्वभावही पालटतो. दगडाची जागा राखण्यासाठी भांडणारं पिल्लू आता शेजाऱ्याला जवळ येऊ देतं, थव्यात मिसळतं आणि एका रात्री दगड सोडून देतं. प्रवास बहुतेक रात्रीच होतो, कारण दिवसा वर पक्षी असतात आणि पाण्यात मोठे मासे. जोराच्या धारेत ही पिल्लं पुष्कळदा तोंड उगमाकडेच ठेवतात आणि शेपूट पुढे करून वाहत जातात. तोंड वर असलं की कल्ल्यांतून पाणी नीट फिरतं आणि पुढचा खळाळ आला की क्षणात अंग सावरता येतं. वेगाचं काम पिल्लू करतच नाही, ते पाण्यावर सोपवलेलं असतं. सॉटूथवरचं बर्फ मे-जूनमध्ये वितळतं, नदीला पूर येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पिल्लांची तयारी पूर्ण झालेली असते. धरणं नव्हती तेव्हा स्नेकच्या खालच्या टप्प्यापासून समुद्रापर्यंत हा पूर त्यांना काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत नेऊन सोडायचा. हजारो पिढ्यांनी शरीराचं घड्याळ नदीच्या पुराशी जुळवून घेतलं होतं.

उतरताना पिल्लू आणखी एक काम करत असतं. ते वास लक्षात ठेवतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर १९४६ मध्ये युटातल्या आपल्या लहानपणच्या डोंगरात चालत होते. एका वळणावर, धबधबा दिसण्याआधीच, शेवाळाचा आणि रानफुलांचा ओळखीचा वास आला आणि त्याबरोबर बालपणीच्या विसरलेल्या कितीतरी गोष्टी उसळून वर आल्या. सॅमनला घर सापडतं ते असंच सापडत असेल का, हा प्रश्न तिथून त्यांच्या मनात आला. पुढची तीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो तपासला. १९७० च्या दशकात त्यांनी मत्स्यबीज केंद्रातल्या कोहो सॅमनच्या पिल्लांना स्मोल्ट होण्याच्या काळात दोनपैकी एका रसायनाचा पुसटसा वास दिला आणि मिशिगन सरोवरात सोडून दिलं. दीड वर्षाने मासे परतायच्या सुमारास एका ओढ्यात एक रसायन आणि दुसऱ्या ओढ्यात दुसरं, अगदी थेंबाथेंबाने सोडलं. बहुतांश मासे आपापल्या वासाच्या ओढ्यात चढले. उतरणीच्या काळातच वाटेवरच्या पाण्याचे वास मेंदूत ठसतात, आणि परतीचा मार्ग त्या ठशांवरून शोधला जातो, हे यातून दिसलं. समुद्रातल्या मोठ्या अंतरासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला जातो, याचेही पुरावे आता मिळाले आहेत. पण नदीच्या तोंडाशी आल्यावर कारभार नाकाचा.

आता धरणांकडे येऊ. रेडफिशहून निघालेल्या पिल्लाच्या वाटेत आठ मोठी धरणं आहेत. स्नेकवर लोअर ग्रॅनाइट, लिटल गूस, लोअर मॉन्युमेंटल आणि आइस हार्बर. कोलंबियावर मॅकनेरी, जॉन डे, द डॅल्स आणि बोनव्हिल. सगळ्यांत जुनं बोनव्हिल १९३८ चं, सगळ्यांत नवं लोअर ग्रॅनाइट १९७५ चं. मोठ्या माशांना वर चढता यावं म्हणून या आठही धरणांना पायऱ्यापायऱ्यांच्या माशांच्या शिड्या आहेत, आणि त्या चांगलं काम करतात. उतरणाऱ्या पिल्लांचा विचार मात्र फार उशिरा झाला. वर जाणारा मासा सगळ्यांना दिसतो. खाली जाणारं दहा सेंटीमीटरचं पिल्लू गढूळ पाण्यात, रात्री, कुणाला दिसणार?

त्यांच्यापुढची पहिली अडचण भिंतीची नाही, भिंतीमागच्या फुगवट्याची आहे. लोअर ग्रॅनाइटच्या वरून बोनव्हिलपर्यंत जवळजवळ सलग जलाशय आहेत. एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या पायथ्याला टेकतो. पाण्याचा वेग मंदावला, आणि ज्याला वाहून जायचं होतं त्याला आता पोहावं लागतं. दिवसांचे आठवडे झाले. संथ पाणी उन्हाने तापतं, आणि गरम पाण्यात खाऱ्या पाण्याच्या तयारीची मुदत लवकर सरते, हे आपण पाहिलंच. शिवाय अशा पाण्यात पिल्लं खाणारे मासे फोफावतात. त्यांपैकी पाइकमिनो हा तिथलाच मूळचा मासा इतका माजला, की १९९० पासून तो पकडून देणाऱ्या गळवाल्यांना नगामागे बक्षीस दिलं जातं. आजवर पन्नास लाखांहून अधिक पाइकमिनो असे काढले गेले आहेत.

त्यानंतर भिंत. टर्बाइनमधून जाणाऱ्या पिल्लाला पात्याचा फटका बसेलच असं नाही. बरीच पिल्लं पात्यांमधून सलामत निघतात. पण आतला दाब क्षणार्धात कोसळतो, त्याने पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी फाटते. जी जगतात ती भोवंडून बाहेर पडतात, आणि धरणाच्या पायथ्याशी कुरव पक्षी त्यांची वाटच पाहत असतात. म्हणून टर्बाइनच्या तोंडाशी मोठ्या जाळ्या बसवल्या आहेत. पिल्लं जाळीला लागून वर वळतात, एका उभ्या विहिरीतून पन्हळीत येतात आणि नळातून धरणाखाली उतरतात. दुसरा रस्ता सांडव्याचा. त्यातही एक गोम होती. पिल्लं चालतात पाण्याच्या वरच्या चार-पाच मीटरमध्ये, आणि सांडव्याचे दरवाजे उघडतात त्याच्या कितीतरी खाली. पिल्लांना बुडी मारायला लागायची, ती मारायची नाहीत आणि भिंतीपाशी घुटमळत राहायची. २००१ मध्ये लोअर ग्रॅनाइटच्या सांडव्याला उंच उंबरठा बसवला, जेणेकरून पाणी वरच्या थरातून घसरत जाईल. पिल्लांनी तो रस्ता लगेच धरला. पुढे बाकीच्या धरणांवरही असे वरच्या थराचे रस्ते झाले. सांडव्यावरून किती पाणी सोडायचं यावर गेली वीस वर्षं कोर्टकज्जे चालू आहेत. सांडव्यावरून गेलेलं पाणी म्हणजे न झालेली वीज. आणि फार पाणी सोडलं तर तेही बाधतं, कारण कोसळणारी धार हवा घेऊन खोल जाते, पाण्यात नायट्रोजन प्रमाणाबाहेर विरघळतो आणि माशाच्या रक्तात बुडबुडे होतात.

आणखी एक उपाय झाला, आणि तो ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. १९७० च्या दशकापासून अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग या पिल्लांना बार्जमध्ये भरून समुद्राच्या दिशेने नेतो. धरणांवर गोळा केलेली लाखो पिल्लं टाक्यांत घालायची, टाक्यांतून नदीचं ताजं पाणी सतत खेळवायचं, सगळी धरणं जलपाशातून ओलांडायची आणि बोनव्हिलच्या खाली पिल्लं सोडून द्यायची. आठवड्यांचा प्रवास दोन दिवसांच्या आत. बार्जमधली जवळजवळ सगळी पिल्लं जिवंत उतरतात. नदीने जाणाऱ्यांपैकी आठ धरणं ओलांडेपर्यंत ढोबळमानाने निम्मी गळतात. मग प्रश्न सुटायला हवा होता. पण सुटला नाही.

हे कसं कळलं? पिल्लाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी सुईने घालतात. तिला बॅटरी नसते. धरणावरच्या वेटोळ्यातून मासा गेला, की वेटोळ्याच्या चुंबकीय लहरींवर कुपी जागी होते आणि स्वतःचा क्रमांक सांगते. प्रत्येक माशाचा क्रमांक वेगळा. त्यामुळे कुठलं पिल्लू कधी निघालं, कुठल्या धरणावर कुठल्या वाटेने गेलं, बार्जने गेलं की नदीने, आणि मोठं होऊन परत आलं का, हे एकेका माशाचं सांगता येतं. या नोंदींतून दिसलं, की बार्जने गेलेल्यांपैकी परतणाऱ्यांचं प्रमाण अपेक्षेइतकं वाढत नाही, आणि परतणाऱ्यांत वाट चुकून भलत्याच नदीत शिरणारे जास्त निघतात. हॅस्लरांचा प्रयोग आठवला तर याचं नवल वाटणार नाही. शेकडो किलोमीटर नदीचे वास ज्या क्रमाने नाकाला लागायचे, ते बार्जमध्ये भराभर सरून जातात.

रेडफिश सरोवराचं काय झालं? १९९० मध्ये तिथे एकही सॉकाय परतला नाही. १९९१ मध्ये चार आले, आणि त्याच वर्षी स्नेक नदीचा सॉकाय सरकारी यादीत धोक्यातला म्हणून नोंदवला गेला. १९९२ मध्ये फक्त एक नर आला. लोकांनी त्याला ‘लोनसम लॅरी’ म्हटलं, एकटा लॅरी. त्याच्या जोडीला मादी नव्हती. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं गेलं आणि पुढे वापरलं गेलं. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून जंगली सॉकाय परतले ते सोळा. आज सरोवरातून उतरणारी पिल्लं त्या सोळांपासून आणि सरोवरातल्या उरल्यासुरल्या नात्यातल्या माशांपासून मत्स्यबीज केंद्रात सांभाळलेल्या वंशाची आहेत. २०१४ मध्ये सुमारे दीड हजार मासे परतले तेव्हा आयडाहोत मोठा आनंद झाला. पण हा वंश अजूनही माणसाच्या हातावर जगतो आहे.

धरणं पार केलेल्या पिल्लापुढे कोलंबियाचं मुख असतं. जहाजांसाठी नदी खोल करताना उपसलेल्या गाळाचं तिथे राइस नावाचं बेट तयार झालं होतं, आणि त्यावर कॅस्पियन सुरय पक्ष्यांची मोठी वसाहत वसली होती. ते पक्षी दर वर्षी लाखो स्मोल्ट खात. १९९९ पासून त्यांना समुद्राच्या आणखी जवळच्या ईस्ट सँड बेटावर हलवलं, जिथे त्यांना हेरिंग आणि अँकोव्हीसारखे दुसरे मासे मिळतात. त्यांच्या खाण्यातला सॅमनचा वाटा घटला. त्यापुढे समुद्र. पहिल्या काही महिन्यांत किनाऱ्यालगत खोलातलं थंड, सकस पाणी वर आलं तर पिल्लू झपाट्याने वाढतं आणि वाचतं. नाही आलं, तर नदीत केलेली सगळी मेहनत वाया जाते.

या नदीवर सॅमनइतकाच जुना हक्क असलेली माणसंही आहेत. नेझ पर्स, उमाटिला, यकामा आणि वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासी राष्ट्रांनी १८५५ च्या करारांत लाखो एकर जमीन दिली आणि नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे राखला. त्यांतली सर्वांत मोठी जागा होती सेलिलो धबधबा. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सेलिलो पाण्याखाली गेला. मासा नाही तर मासे धरण्याचा हक्क कागदावरच राहतो, हे त्यांचं म्हणणं मला निर्विवाद वाटतं.

दुसरी बाजूही आहे आणि ती क्षुल्लक नाही. स्नेकवरच्या खालच्या चार धरणांमुळे समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आतलं लुईस्टन हे बंदर झालं; तिथला गहू बार्जने जातो. ही चार धरणं मिळून सरासरी सुमारे १,००० मेगावॉट वीज देतात. पण गव्हाला रेल्वे आहे, विजेला दुसरे स्रोत आहेत, आणि दोन्हींसाठी सरकारने पैसा घातला तर शेतकऱ्याचं नुकसान भरून देता येतं. स्मोल्टच्या मुदतीला पर्याय नाही. जाळ्या, उंबरठे, बार्ज, बक्षिसं, पक्ष्यांचं स्थलांतर हे सगळं करून झालं. प्रत्येक उपाय प्रामाणिक होता, काहींनी खरंच मदत केली, पण वाहतं पाणी त्यातल्या एकानेही दिलं नाही.

धरण काढून नदी मोकळी करणं आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात काढली. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढून झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिनूक त्यांच्या जागा ओलांडून वर ओरेगॉनमध्ये पोचले. तिथे त्यांचे पूर्वज शंभर वर्षांत गेले नव्हते. स्नेकच्या चार धरणांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने आदिवासी राष्ट्रांशी आणि दोन राज्यांशी करार केला, आणि त्यात धरणं काढण्याचा निर्णय नसला तरी धरणांची वीज आणि वाहतूक यांना पर्याय उभे करण्याचं वचन होतं. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो करार मोडीत काढला. माझ्या मते ही चूक आहे. लोअर ग्रॅनाइट, लिटल गूस, लोअर मॉन्युमेंटल आणि आइस हार्बर ही चारही धरणं काढायला हवीत, आणि रेडफिशचे सॉकाय केंद्राबाहेर स्वतःच्या बळावर टिकू शकतात अशी संधी अजून आहे तोवर काढायला हवीत.